आप्तभावाची कसोटी

सरकारी दप्तराने मराठी भाषेला जे मोजके सुंदर शब्द दिले आहेत, त्यांत ‘आप्तभाव’ या शब्दाचा समावेश करावा लागेल. शब्द असा की एखाद्या कीर्तनकाराच्या निरूपणात शोभावा. परंतु त्याचा मुक्काम असतो जात पडताळणीच्या कचेरीत. आपण अमुक अनुसूचित जमातीचे आहोत असे सांगणारा विद्यार्थी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे जातीचे प्रमाणपत्र, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा अशी कागदांची चळत जोडतो, आणि तेवढ्याने समितीचे समाधान झाले नाही तर त्याच्या कुटुंबाची ‘आप्तभाव चाचणी’ घेतली जाते. बोली कोणती, कुळी कोणत्या, सोयरीक कोणाशी होते, मयताचे विधी काय, सण कोणते आणि देव कोणते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून हा मनुष्य त्या जमातीचा खराच आप्त आहे की नाही याची रुजुवात करावयाची, अशी ही योजना. नंदुरबारलाही अशी प्रमाणपत्र तपासणी समिती आहे, आणि ज्या जिल्ह्याच्या 2011 च्या साडेसोळा लाख लोकसंख्येत दर शंभरांत एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची होती, त्या जिल्ह्यात तिच्या दाराशी जाण्याचा प्रसंग किती घरांवर येत असेल हे सांगावयास नको.

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा आणि आजच्या सार्वजनिक जीवनाचा संबंध काय, हे पाहावे म्हणून मी नवापूर तालुक्यात गेलो होतो. येताना मात्र हा दप्तरी शब्द बरोबर घेऊन आलो. कारण ज्याला आपण ईश्वरविज्ञान म्हणतो, म्हणजे देव कोण, त्याने माणसाला कसे स्वीकारले आणि स्वीकारलेल्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याचा विचार, तो मराठी वाचकाला एरवी भेटतो तो रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांत, नाही तर नाताळच्या दिवशी छापून येणाऱ्या ठरीव लेखात. नवापुरात तो सातबाऱ्याच्या उताऱ्याला टाचलेला असतो.

ज्या गावी मी रविवारी गेलो त्याचे नाव येथे सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे ओघाने कळेल. रंगावली नदी मागे टाकून, मक्याच्या आणि तुरीच्या शेतांतून गेलेल्या वाटेवर, एका विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या, माणसाच्या खळ्याला लागून ते प्रार्थनाघर उभे होते. त्याला चर्च म्हणणे म्हणजे खोपटाला वाडा म्हणण्यासारखे झाले असते: कुडाला पांढरा चुना, वर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड, आणि दाराबाहेर चपलांची रांग. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि त्यांच्या मांडीवर मुले. समोर लाकडी टेबल, त्यावर भरतकाम केलेला रुमाल आणि देवनागरीत छापलेला, मावची या तेथील आदिवासींच्या भाषेतला नवा करार. हार्मोनियमची एक पट्टी बसलेली होती आणि वाजवणारा मुलगा तिला चुकवून इतक्या सफाईने बोटे फिरवीत होता की, ती पट्टी मुळात नकोच होती असे वाटावे. गाणी मावचीत, प्रवचन मावचीत, सूचना मात्र मराठीत. त्यांत पुढच्या आठवड्यात बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी प्रार्थना होती आणि कोणाच्या तरी आधार कार्डातील चूक दुरुस्त करण्यासाठी शनिवारी नवापुरास जाणाऱ्या जीपची वेळ होती.

मग प्रभुभोजन झाले. भाकरीच्या जागी पाव, आणि द्राक्षारसाच्या जागी छोट्या स्टीलच्या पेल्यांतून लाल सरबत. हे सरबत वाटते तितके साधे नाही. मोहाच्या झाडाखाली जन्मलेल्या आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडणाऱ्या समाजात ज्यांनी ती दारू सोडली, त्यांच्या प्रभूच्या मेजावर मद्य येणे शक्य नव्हते. गालीलातील एका लग्नात पाण्याचा द्राक्षारस करणाऱ्या येशूची स्मृती येथे सरबताने केली जाते. आणि मंडळीतील स्त्रियांना विचाराल तर त्यांच्या धर्मांतराचा अर्धाअधिक अर्थ त्या सरबतात आहे. “माझा नवरा विश्वासात आला” याचे त्यांच्या बोलण्यातले पहिले भाषांतर “माझा मार थांबला” असे असते. पापक्षमेच्या सिद्धान्तावर विद्यापीठांतून लिहिले गेलेले ग्रंथ मी थोडेफार वाचले आहेत. इतकी नेमकी व्याख्या त्यांत आढळली नाही.

या प्रदेशात ही वार्ता आणली ती मुख्यतः स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या, स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या एका धगधगत्या उपदेशकाने 1890 मध्ये शिकागो येथे स्थापिलेली ही संस्था. विसाव्या शतकाच्या आरंभी तिचे मिशनरी त्या वेळच्या पश्चिम खानदेशात, तापीच्या खोऱ्यातील नव्या आगगाडीच्या मार्गाने, नंदुरबार, नवापूर, चिंचपाडा येथे पोहोचले. ते अँग्लिकन चर्चचे आढ्य पाद्री नव्हते किंवा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनसारखी विद्येची परंपराही त्यांच्यापाशी नव्हती. प्रभूचे पुनरागमन जवळ आले आहे, तोवर जितके आत्मे वाचतील तितके वाचवावेत, अशी त्यांची सरळ आणि काहीशी घाईची धारणा होती. आणि घाईत असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगणातील रांगोळी दिसत नाही, तसे त्यांचे झाले. डोंगऱ्यादेव, वाघदेव, होळीचा नाच, ढोल, मोह हे सगळे त्यांनी एकाच गाठोड्यात बांधून अंधाराच्या खात्यावर जमा केले. परंतु त्याच माणसांनी आदिवासींच्या वस्तीत राहून, त्यांची बोली शिकून, ती लिहून काढण्याचे कष्टही घेतले, जे त्यांच्या आधी कोणा सावकाराला, फौजदाराला वा मामलेदाराला घ्यावेसे वाटले नव्हते. विल्यम केरीच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्येच बाहेर पडला. मावचीला मात्र फार वाट पाहावी लागली. आज ज्या पुस्तकाने ‘तू आता मावची राहिला नाहीस’ असा आरोप मावची ख्रिस्ती माणसावर आणला आहे, तेच पुस्तक त्याच्या मातृभाषेत त्याच्या घरातले बहुधा एकमेव छापील पुस्तक असते.

चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे त्या कष्टांचे दुसरे फळ. 1942 पासून ते चालत आले आहे आणि मिशनचा काळ सरल्यावर इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेच्या छत्राखाली आले. धुळे-सुरत महामार्गालगतच्या या दवाखान्यात सातपुड्याच्या रक्तातच असलेल्या सिकलसेलचे रोगी येतात, सर्पदंशाचे येतात, अडलेल्या बाळंतिणी येतात. येथील मंडळ्यांत आजार बरा होण्याची साक्ष हा उपासनेचा सर्वांत जिवंत भाग असतो, आणि टीकाकारांचा सर्वांत मोठा आक्षेपही त्यावरच असतो की, पाण्याने आणि प्रार्थनेने बरे करण्याचे आमिष दाखवून भोळ्यांना फसविले जाते. आक्षेप पोकळ नाही. औषध थांबवून केवळ हात डोक्यावर ठेवणारे स्वयंघोषित पास्टर या भागात नाहीत असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि अशा एका प्रार्थनेवर विसंबून उशीर झालेल्या रोग्याची हकीकत मला एका विश्वासी बाईनेच, चिडून, सांगितली. तिचे मत असे की, देवाने चिंचपाड्याला डॉक्टर बसवून ठेवला असता त्याला वगळून प्रार्थना करणे म्हणजे देवाचाच अपमान. सृष्टी आणि कृपा यांच्या संबंधाविषयी थोमास अक्विनासने काढलेला निष्कर्ष याहून फार निराळा नाही.

आता त्या मूळ शब्दाकडे वळू.

ख्रिस्ती धर्मसभेतील पहिले मोठे भांडण आप्तभाव चाचणीवरूनच झाले होते. सन 49 च्या सुमारास यरुशलेमात पेत्र, याकोब, पौल, बर्णबा ही मंडळी एकत्र बसली. वाद असा: येशू यहूदी, त्याचे शिष्य यहूदी, शास्त्र यहुद्यांचे, मग अंत्युखियातील ग्रीक माणूस त्याच्यावर विश्वास ठेवू लागला, तर त्याने आधी सुंता करून यहूदी व्हावयाचे की नाही? विश्वासासाठी जात बदलावी लागते की नाही? सभेने निर्णय दिला: नाही. ग्रीकाने ग्रीकच राहावे. त्याच्यावर घातलेल्या अटी चारच: मूर्तींना वाहिलेले खाऊ नये, रक्त खाऊ नये, गळा दाबून मारलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, जारकर्म करू नये. त्यांतल्या पहिल्या अटीवरसुद्धा पुढे पौलाने करिंथच्या मंडळीला जे लिहिले त्याचा मथितार्थ फार शहाणपणाचा आहे: मूर्ती म्हणजे काही नव्हे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा बाजारातील मांस चौकशी न करता खा, पण तुझ्या खाण्याने शेजारच्या दुबळ्या भावाचे मन दुखावत असेल तर खाऊ नकोस. प्रश्न मांसाचा नसून भावाचा आहे.

नवापूर तालुक्यात हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. गावदेवाच्या पूजेला सारे गाव फाळा काढते, बकरा किंवा कोंबडे पडते, पंगत होते. विश्वासी कुटुंबाने फाळा द्यावा काय? पंगतीला बसावे काय? एका पाळकाने मला सांगितले, “गावाच्या विहिरीला, रस्त्याला आम्ही सगळ्यांच्या आधी फाळा देतो. पूजेच्या फाळ्याला हात जोडतो.” दुसऱ्याने, जो वयाने मोठा आणि बोलायला सावध होता, वेगळा मार्ग काढलेला: तो फाळ्याऐवजी पंगतीचे तांदूळ देतो, तांदूळ गावाला दिले, देवाला नाही, असा त्याचा हिशेब. पहिल्याला दुसरा तडजोड करणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला गाव तोडणारा. पौलाच्या पत्रांवर भाष्य करणाऱ्या पंडितांनी एकदा या दोघांच्या मध्ये बसून चहा घ्यावा, असे मला फार वाटले. माझे स्वतःचे मत तांदळाच्या बाजूचे आहे. परंतु मला त्या गावात राहावयाचे नाही, त्यामुळे त्या मताला फारशी किंमत नाही हेही मी जाणतो.

यरुशलेमच्या सभेने जो निकाल दिला त्याच्याविरुद्ध अपील आज दोन बाजूंनी चालू आहे, आणि त्या दोन्ही बाजू एकमेकींच्या कट्टर वैरी आहेत, हे या प्रकरणातले खरे कौतुक. जुना मिशनरी म्हणत असे की, ख्रिस्ती व्हावयाचे तर ढोल टाक, नाच टाक, जुना माणूस टाक. आज ‘डी-लिस्टिंग’ची मागणी करणारे म्हणतात की, तू ढोल टाकलास, देव टाकलास, तेव्हा अनुसूचित जमातीच्या यादीतूनही निघ. एकाने धर्मासाठी जी अट घातली, तिच्याच आधाराने दुसरा हक्क काढून घेऊ पाहतो. दोघांचाही सिद्धान्त एकच: आदिवासी आणि ख्रिस्ती ही दोन माणसे आहेत, एका कातडीत मावत नाहीत.

कायद्याने मात्र तसे कधी मानले नाही. 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट होती. ती 1956 मध्ये शिखांसाठी आणि 1990 मध्ये बौद्धांसाठी सैल झाली, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांसाठी अजून झालेली नाही. परंतु 1950 मध्येच 6 सप्टेंबरला निघालेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माचे नावही नाही. हे विस्मरणाने झाले असे समजू नये. ज्या घटना समितीने ही चौकट आखली, तीत आदिवासींच्या बाजूने 19 डिसेंबर 1946 रोजी सर्वांत ताठ मानेने बोलणारे जयपालसिंह मुंडा हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि ते जंगलातल्या लोकांच्या वतीने बोलत आहेत याविषयी त्या सभागृहात कोणाला शंका आली नाही. पुढे 1967 नंतर जयपालसिंहांच्याच झारखंडातले कार्तिक ओरांव यांनी धर्मांतरितांना यादीतून वगळण्याची मागणी संसदेत लावून धरली. ती मान्य झाली नाही, पण मेलीही नाही, आणि तिचे पडसाद आज सातपुड्यातील मेळाव्यांतून उमटतात. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये केरळच्या एका खटल्यात मध्यम वाट सांगितली: केवळ धर्म बदलल्याने जमात सुटत नाही, तो मनुष्य जमातीचा भाग म्हणून जगतो काय, जमातीच्या वाट्याला आलेले हाल त्याच्याही वाट्याला येतात काय, हे पुराव्याने पाहावे. आणि आप्तभाव चाचणीविषयी 24 मार्च 2023 रोजी, महाराष्ट्राच्याच प्रकरणात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की, ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतराने, शिक्षणाने, काळाने रूढी बदलतात, आणि प्रत्येक प्रकरणात ती घेतलीच पाहिजे असेही नाही. न्यायालयाची भाषा कोरडी असते. पण देव विचारून माणूस ओळखता येत नाही, हे तत्त्व त्या कोरड्या भाषेत बसले आहे.

रूढी बदलण्याचाच मुद्दा घेतला तर या मुलखाचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. 1922 साली किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ नाशिक, खानदेश, डांग करीत सुरत जिल्ह्यात गेली. अंगात आलेल्या देवीने आदिवासींना सांगितले की दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. 1938 च्या सुमारास तळोदा तालुक्यात मोरवडला संत गुलाम महाराजांनी हजारोंच्या मेळाव्यात आरती सुरू केली, दारूमांस वर्ज्य केले, एकमेकांना ‘आप’ म्हणावयास शिकविले. ज्यांना आजवर कोणी ‘तुम्ही’ म्हटले नव्हते त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणावे, याएवढे मोठे सामाजिक ईश्वरविज्ञान मी तरी दुसरे पाहिले नाही. या दोन्ही चळवळींनी जुनी राहणी तितकीच टाकावयास लावली जितकी मिशनने लावली. परंतु आप पंथाचा भक्त आदिवासी उरला काय, असा प्रश्न कोणी कचेरीत विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणजे आक्षेप राहणी सोडण्यावर नाही. ती सोडून कोणाच्या दारी गेला यावर आहे. हे एकदा मान्य केले की निदान वाद तरी प्रामाणिक होईल.

आणि आता त्या गावाचे नाव का सांगितले नाही ते. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात नवापूर तालुक्यातील धर्मांतराचा विषय विधानसभेत निघाला, आणि धुळे-नंदुरबार जिल्ह्यांतील अनधिकृत चर्च चौकशीअंती सहा महिन्यांत पाडण्यात येतील असे महसूलमंत्र्यांनी सभागृहात जाहीर केले. ‘अनधिकृत’ या शब्दाची येथे फोड केली पाहिजे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील आदिवासीची जमीन जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे बिगर-आदिवासीकडे, म्हणजे एखाद्या संस्थेकडेही, सहजी हस्तांतरित होत नाही, आणि हा निर्बंध योग्यच आहे. तो नसता तर तापीकाठची उरलीसुरली जमीनही गेली असती. परिणाम असा की, मंडळीतला कोणी एक शेतकरी आपल्या सातबाऱ्यातील दोन गुंठ्यांवर पत्रे टाकू देतो. फेरफार होत नाही, बिनशेती परवाना मिळविण्याची ऐपत आणि माहिती दोन्ही नसते, आणि ते प्रार्थनाघर दप्तराच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, अथवा असते ते केवळ पाडण्यापुरते. याच पद्धतीने उभी राहिलेली मंदिरे, समाजमंदिरे, दुकाने आणि पुढाऱ्यांच्या घरांचे मजले या जिल्ह्यात किती आहेत याची मोजदाद कोणी केली तर चर्चचा क्रमांक फार वर लागणार नाही, अशी माझी अटकळ आहे. कायदा सर्वांना सारखा लागू होत असेल तर ख्रिस्ती माणसाने तक्रार करू नये. पण एकाच पंथाची अनधिकृतता ज्या दिवशी सभागृहात उच्चारली जाते, त्या दिवशी मोजणीची साखळी कोणाच्या हाती आहे हा प्रश्न विचारणे त्याचा हक्कच नव्हे, कर्तव्यही ठरते.

त्या प्रार्थनाघराच्या पाळकाने आपली कागदांची पिशवी मला दाखविली. बियाण्याच्या कंपनीचे नाव छापलेली नायलॉनची थैली; तीत सातबारा, आठ-अ, ग्रामसभेच्या ठरावाची झेरॉक्स, घरपट्टीच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली बाप्तिस्म्याची वही. नोटीस आलेली नव्हती; पण पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते, पूर आला तर आधी उचलावयाच्या वस्तूसारखी.

“पाडलं तर?” मी विचारले.

“आंब्याखाली बसू,” तो म्हणाला; आणि जरा थांबून, “आंब्याला परवाना लागत नाही ना?”

दोघे-तिघे जमतात तेथे आपण असतो, असे ज्याच्या प्रभूने सांगून ठेवले आहे त्याला इमारतीचे अडत नाही, हे ईश्वरविज्ञान म्हणून निर्दोष आहे. पण नागरिकशास्त्र म्हणून ते पुरेसे नाही, आणि मंडळ्यांच्या विचारातली खोट मला येथेच दिसली. आपले राज्य या जगाचे नाही असे रविवारी म्हणणारी माणसे सोमवारी रेशनच्या, वनहक्काच्या, जातप्रमाणपत्राच्या रांगेत उभी असतात. त्या रांगेविषयी त्यांच्या प्रवचनात मात्र बहुधा एक वाक्यही नसते. याच जिल्ह्यात शहाद्याला 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींनी सालदारांना आणि भूमिहीनांना मान ताठ करावयास शिकविले. अक्कलकुव्याच्या मणिबेलीत नर्मदेचे पाणी घरात शिरेपर्यंत माणसे बसून राहिली. या लढ्यांत ख्रिस्ती मंडळ्या मंडळ्या म्हणून कोठे होत्या, या प्रश्नाचे उत्तर फारसे भूषणावह नाही. मंडळ्यांची संख्या वाढली, त्यांच्यात फुटी पडल्या, एका गावात तीन-तीन प्रार्थनाघरे झाली, बाहेरून येणाऱ्या देणगीवरून हेवेदावे झाले, शेजाऱ्याच्या देवाला ‘सैतान’ म्हणण्याची वाईट खोड काही उपदेशकांना लागली. ज्या देवमोगऱ्याच्या मोगी मातेने आपल्या आजीला दुष्काळात धान्य दिले अशी त्या शेजाऱ्याची श्रद्धा आहे तिला शिवी देऊन शुभवार्ता पोहोचत नाही. दगड तेवढा परत येतो.

टिळकांना हे कळले होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या चित्पावन कवीने आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही एका सतरंजीवर बसविण्यासाठी. ख्रिस्ताकडे जाताना तुकोबांचे बोट सोडावे लागत नाही, अशी त्यांची खात्री होती. पण टिळकांपाशी सोडू नये असा तुकोबा होता, आणि तो छापलेला होता. मावची माणसापाशी जे होते ते ढोलात, नाचात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी कथांत होते. सोडताना त्याची नोंदही झाली नाही. म्हणून येथे टिळकांपेक्षा रांचीचे बिशप निर्मल मिंझ अधिक उपयोगी पडतात, ज्यांनी ख्रिस्ती धर्मपीठावर बसून कुडुख भाषेसाठी आयुष्य वेचले आणि 2016 चा साहित्य अकादमीचा भाषा सन्मान मिळविला. मराठी ख्रिस्ती विचारवंतांपैकी अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळूरच्या एका व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाला तोंड फोडले. सातपुड्याचे ईश्वरविज्ञान अद्याप कोणी लिहिलेले नाही.

ते लिहिले नसले तरी केले जाते. पीक हाती आले की मंडळ्यांत कापणीचा सण होतो. नव्या धान्याचा पहिला घास देवाला दाखविल्यावाचून खाऊ नये, हा सातपुड्याचा नियम मिशनहून फार जुना. आणि पहिले फळ प्रभूपुढे आणावे हा नियम मोशेच्या शास्त्राचा. या दोन नियमांची भेट मी टेबलापुढच्या चटईवर पाहिली: भाताची लोंबी, तुरीच्या शेंगा, मक्याची कणसे, दोन भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर त्या साऱ्याचा लिलाव झाला, कोंबड्यासाठी दोन भाऊजींमध्ये चुरस लागली, आणि कोंबडा त्याच्या किमतीच्या तिप्पट रकमेला गेला. एका म्हातारीने लोंबी कपाळाला लावून मगच चटईवर ठेवली. तिला कोणी हे शिकविले नव्हते, आणि कोणी हटकलेही नाही.

सणाच्या त्या आनंदातही बस्तरमधल्या छिंदवाडा गावचे उदाहरण प्रार्थनाघरात बसलेल्या तरुणांना ठाऊक होते. मोबाइलने सर्वांना सर्व ठाऊक असते. छिंदवाड्यात एका ख्रिस्ती पित्याचा देह गावाच्या दफनभूमीत पुरू दिला गेला नाही, तो आठवड्यांमागून आठवडे शवागारात राहिला, आणि 27 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद होऊन अखेरीस वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला माती मिळाली. जिवंतपणी आप्तभाव कागदावर मोजतात, मेल्यावर जमिनीवर. “आपल्याकडे अजून तसं नाही,” एकजण म्हणाला. ‘अजून’ या शब्दावर सारेच गप्प झाले.

उपासना संपल्यावर, कोंबड्याचे पैसे वहीत मांडून झाल्यावर, पाळकाने तीच नायलॉनची थैली पुन्हा उघडली. बारावी झालेल्या एका मुलीचा पडताळणीचा अर्ज भरावयाचा होता. परिचारिका प्रशिक्षणाच्या प्रवेशाची मुदत जवळ आली होती. मुलगी अक्षराने नेटकी, पण प्रश्नांपुढे अडखळत होती, म्हणून पाळक वाचीत होता आणि तिची आजी उत्तरे देत होती. कुळी सांगितली, माहेरची कुळी सांगितली, पणजोबांचे गाव सांगितले. मग रकाना आला देवदेवतांचा. पाळकाचे पेन थांबले. मुलीने बापाकडे पाहिले. बाप म्हणाला की येथे काही लिहू नये, कोरे ठेवावे. पाळक म्हणाला की कोरे ठेवले तर समिती शंका घेईल, आणि दुसरे काही लिहिले तर मंडळीत बोलणे होईल.

आजी हे ऐकत होती. लुगड्याच्या पदराने तिने तुरीच्या शेंगांची धूळ झटकली.

“देवमोगरा लिही ना, भाऊ,” ती म्हणाली. “शिवरातीला आम्ही पायी जात होतो, माझा बाप मला खांद्यावर घेऊन जाय. ती आमचीच होती. खोटं कशाला लिहायचं?”

पाळकाने लिहिले. मग पुढचा रकाना विचारला: मयताचा विधी. आजीने जीप किती वाजता सुटते ते विचारले, आणि आधी ते सांग, म्हणाली.